बाकीच्या सगळ्या उजवीकडे गेल्या

आमच्या जुईच्या पहिल्या कथक कार्यक्रमात बाकीच्या सगळ्या मुली उजवीकडे गेल्या आणि जुई डावीकडे गेली.

यात तिची काहीही चूक नव्हती. तिला डावीकडे जायला मी शिकवलं होतं. (मला कथक येत नाही. ही माहिती कंसात टाकतोय, कारण त्या वेळी मलाही ती फारशी महत्त्वाची वाटली नव्हती.)

झालं असं, की कार्यक्रम तोंडावर आला आणि जुईला कांजिण्या आल्या. नऊ वर्षांची पोर. वर्षभर पायात घुंगरू बांधून घरात थयथय करणारी. क्लासच्या ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा सगळ्या बॅचेसचा मिळून कल्याणच्या मोठ्या नाट्यगृहात कार्यक्रम ठरलेला, आणि ऐन तालमीच्या दिवसांत ही आमच्या बाळकुमच्या फ्लॅटमध्ये, अंगभर लोशनचे गुलाबी ठिपके आणि हातात कडुनिंबाची डहाळी घेऊन बसलेली. रडून रडून डोळे सुजले. शेवटी तिच्या टीचरचा फोन आला.

"अजिबात टेन्शन घेऊ नका," टीचर म्हणाल्या. "मी पूर्ण नाचाचा व्हिडिओ पाठवते. जुईला म्हणावं, बघून बघून घरीच कर. बरी झाली की डायरेक्ट स्टेजवर."

माझी बायको मेधा मला म्हणाली, "संदीप, तू फक्त तिच्यासमोर मोबाईल धरायचा. बास. एवढंच काम आहे."

एवढंच काम करून मी थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. तयार झालेला पार्ट ड्रॉइंगप्रमाणे आहे की नाही, हे बघायचं माझं काम. ड्रॉइंगमध्ये पार्ट समोरून दाखवलाय की मागून, हे ज्याला कळत नाही त्याने आमच्या लाईनीत येऊच नये, असं मी नव्या पोरांना नेहमी सुनावतो. थोडक्यात, डावं-उजवं हा माझ्या पोटापाण्याचा विषय. त्यामुळे व्हिडिओ सुरू झाला आणि टीचर स्क्रीनवर उजवीकडे सरकल्या, तेव्हा जुईसुद्धा उजवीकडे सरकली, आणि मी व्हिडिओ थांबवला.

"चूक," मी म्हणालो.

"अरे, त्या उजवीकडेच गेल्या," मेधा म्हणाली.

मी हसलो. हे हसू मी कारखान्यात वापरतो. "मेधा, त्या आपल्याकडे तोंड करून उभ्या आहेत. समोरच्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. त्या आपल्याला उजवीकडे जाताना दिसतायत, म्हणजे त्या स्वतःच्या कुठे जातायत? डावीकडे. मग जुईने कुठे जायचं? डावीकडे."

मेधा विचारात पडली. समोरच्या माणसाला विचारात पाडलं की आपण जिंकलो, असा माझा समज आहे.

"बाबा," जुई म्हणाली, "टीचरच्या मागचं कॅलेंडर उलटं दिसतंय."

"उलटं म्हणजे?"

"म्हणजे आकडे उलटे आहेत."

"तू कॅलेंडर बघू नकोस. पाय बघ."

"टीचरना एकदा विचारून घे ना," मेधा आत जाता जाता म्हणाली. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला कोणाला त्रास द्यायचा, असं म्हणून मी सोफा भिंतीला लावला.

आणि मग रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. मोबाईल टीव्हीला टेकवलेला, जुई पुढे, मी तिच्या शेजारी. टीचरनी हात उजवीकडे नेला की मी तो डावीकडे वळवून घ्यायचो आणि जुईला द्यायचो. माल माझ्याकडून चेक झाल्याशिवाय पुढे जाणार नाही, असा एकूण प्रकार. आमच्या खालच्या मजल्यावर म्हात्रे काकी राहतात. आमचं कॉम्प्लेक्स ज्या जमिनीवर उभं आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती, त्यामुळे बिल्डिंगमध्ये काहीही हाललं तरी पहिलं त्यांना कळतं. त्यांचा फोन यायचा, "काय रं संदीप, पोर नाचतंय का तू? आमचा पंखा हालतोय कवाधरनं."

खरं सांगू, ते दिवस फार मजेत गेले. इतरांच्या मुली बापाला मोबाईलचा पासवर्ड सोडून काही विचारत नाहीत, आणि माझी मुलगी ठिपक्याठिपक्यांचं तोंड वर करून "बाबा, परत दाखव ना" म्हणत होती. मी परत दाखवत होतो. माझी चक्कर बघून ती हसता हसता खाली बसायची. कांजिण्या गेल्या, खपल्या धरल्या, आणि नाच तिला पाठ झाला. अगदी पक्का. झोपेतून उठवलं तरी ती डावीकडेच गेली असती, याची मी जातीने खात्री करून घेतली होती.

कार्यक्रम दुपारचा होता. डॉक्टरांनी त्याच सकाळी "आता जाऊ दे" म्हटलेलं. मी आणि मेधा पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. जुईची मैत्रीण शर्वरी तिच्या शेजारी उभी राहणार होती, आणि शर्वरीची आई बरोबर आमच्या पुढे मोबाईल उंच धरून शूटिंगला बसलेली. पडदा उघडला. निळ्या-पिवळ्या ड्रेसमधल्या मुली एका रांगेत उभ्या, आणि त्यांच्या डाव्या हाताच्या टोकाला आमची जुई. काजळ, बिंदी, कानशिलावर कांजिण्यांचा एक राहिलेला डाग. मला एकदम भरून आलं.

तबला वाजला. सगळ्या मुली डौलात उजवीकडे सरकल्या. जुई तितक्याच डौलात डावीकडे सरकली. ती टोकालाच उभी असल्यामुळे दोन पावलांत ती पडद्याआड गेली. स्टेजवर कथक जोरात चालू, आणि आमची मुलगी विंगेत.

मेधाने माझं मनगट घट्ट धरलं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "बघितलंस? बाकीच्या सगळ्या चुकल्या."

मग सगळ्या डावीकडे परत आल्या, आणि जुई विंगेतून उजवीकडे आली, आणि सरळ शर्वरीवर आदळली. शर्वरीच्या आईच्या हातातला मोबाईल उडाला. मागे कोणीतरी खुदकन हसलं, मग आणखी कोणीतरी. ते हसू हॉलभर पसरत गेलं. वाईट नव्हतं ते, लहान मुलांच्या पडण्यावर हसतात तसं होतं. पण स्टेजवरून ते कसं ऐकू येत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

जुई थांबली. तिने शर्वरीकडे बघितलं, बाकीच्या मुलींकडे बघितलं. मग तिने अंधारात मला शोधलं. शोधायला त्रास पडला नाही, कारण मी उभाच राहिलो होतो.

"ओ काका, बसा ना खाली," मागून आवाज आला.

"संदीप, बस," मेधा म्हणाली.

मी बसलो नाही. मी दोन्ही हात वर करून, विमानाला धावपट्टी दाखवतात तसं तिला दाखवत होतो. तिकडे, बेटा. तुझ्या डावीकडे. बरोबर आहेस तू. घाबरू नकोस. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी हळू, आणि पुढचा सगळा नाच तिने मी शिकवल्याप्रमाणे केला. हात सगळ्यांचे एकीकडे, तिचा दुसरीकडे. चक्करा सगळ्यांच्या एका बाजूने, तिच्या दुसऱ्या बाजूने. मधल्या धक्काबुक्कीत तिची अर्धी चक्कर कुठेतरी राहून गेली असावी, कारण शेवटच्या ठेक्यावर सगळ्या मुली प्रेक्षकांकडे तोंड करून थांबल्या आणि जुई मागच्या पडद्याकडे तोंड करून थांबली. पोझ मात्र सुंदर होती. पाठमोरी असूनही कळत होतं.

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

मध्यंतरात मी टीचरना गाठलं. बाकीच्या मुलींची तयारी जरा कमी पडली का, असं त्यांना सौम्य शब्दांत विचारायचं माझ्या मनात होतं. त्याआधी त्याच म्हणाल्या, "अहो, जुईच्या बाबा, व्हिडिओ बघून सराव केला ना तिने?"

"रोज."

"मग असं कसं झालं? मी तर तो मुद्दाम आरशासारखा करून पाठवलेला. म्हणजे जसं दिसतं तसं करायचं, डोकं लावायचं नाही. लहान मुलांना सोपं पडतं." मग माझ्याकडे जरा निरखून बघत त्या म्हणाल्या, "मुलांना कधी प्रॉब्लेम येत नाही. एखाद्या पालकाला येतो."

माझ्या डोळ्यांसमोर ते कॅलेंडर आलं. उलट्या आकड्यांचं. माझ्या हाताखालच्या पोराने असा पार्ट पास केला असता तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

जुई मेकअप रूममध्ये एका कोपऱ्यात बसून घुंगरू सोडत होती. काजळ गालांवर ओघळलं होतं. शर्वरी तिच्याजवळ बिस्किटाचा पुडा धरून उभी होती आणि जुई घेत नव्हती. मला बघून ती म्हणाली, "घरी जाऊया." बाकी काही नाही.

गाडीत कशेळीचा पूल येईपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग माझ्याच्याने राहवेना. इथे एक सांगायला हवं. जुई नुकती चालायला लागली होती तेव्हा ती पडली रे पडली की मी ओरडायचो, "मुंगी मेली, मुंगी मेली!" पडलेलं पोर रडायचं विसरून मुंगी शोधायला लागतं. मराठी घरांमधला हा पहिला प्रथमोपचार. जुईवर तर तो इतका लागू पडायचा, की कधी कधी ती गुडघा विसरून त्या मुंगीसाठीच रडायची. तर मी गाडीच्या आरशातून मागे बघत, होता नव्हता तेवढा प्रेमळ आवाज काढून म्हटलं, "जुई, मुंगी मेली गं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "मी नऊ वर्षांची आहे."

घरी आल्यावर जुई झोपायच्या खोलीत गेली आणि मेधाने मला बाल्कनीत घेतलं. "आता ऐक. नाचाचा विषय काढायचा नाही. आपणहून बोलली तर बोलायचं. तिला जरा वेळ देऊ."

मी ताबडतोब मान्य केलं. मुलीला खरं काय ते सांगून माफी मागायची, हे माझ्या मनात होतंच. पण विषयच काढायचा नाही म्हटल्यावर माफी तरी कशी मागणार? नियम मुलीसाठी होता आणि सोय माझी झाली.

मेधाचा नियम साधा होता. बिघडला तो मी अंमलात आणायला घेतल्यावर. आपण गप्प राहू, पण बिल्डिंगचं काय? लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर? म्हणून मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकला. भाषा मुद्दाम सभ्य ठेवली. 'सर्वांना नम्र विनंती. चि. जुई हिला काही दिवस नाच, पाय आणि स्टेज या विषयांवर कृपया काहीही विचारू नये. सहकार्याबद्दल धन्यवाद.'

जुईचा कार्यक्रम होता हे बिल्डिंगमध्ये चार-दोन घरांना सोडून कोणाला माहीतच नव्हतं. आता सगळ्यांना झालं. आधी हात जोडलेले आले. मग 'काळजी घ्या'. मग कोणीतरी विचारलं, 'कोणता पाय?' एकाने घोडबंदर रोडवरचा हाडांचा डॉक्टर सुचवला. सेक्रेटरींनी लिहिलं, की जिन्यात लादी निघाल्याची तक्रार याआधी कोणीही लेखी दिलेली नाही, याची नोंद घ्यावी. मी मेसेज काढून टाकला. तेव्हा ज्यांनी वाचला नव्हता त्यांनी फोन केले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दार नेमकं जुईने उघडलं. बाहेर म्हात्रे काकी, हातात भलामोठा स्टीलचा डबा.

"बस गो बाय, बस, उभी नको राहू," काकी आत येत म्हणाल्या. "पाया सूप आनलाय. हाड जुलतं यानं. कोनता मोडला, दाव मना."

"काकी, माझे पाय बरे आहेत," जुई म्हणाली.

"मंग ग्रुपवर काय तं?" काकींना वाचायला चष्मा लागतो, आणि तो त्या विसरल्या होत्या. "तूच वाच ना गो." त्यांनी मोबाईल जुईच्या हातात दिला. माझा मेसेज मी काढून टाकला होता, पण काकींच्या सुनेने त्याचा फोटो काढून त्यांना वेगळा पाठवला होता.

मी तीन ढांगांत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलो, तोपर्यंत जुईचं वाचून झालं होतं. तिने मोबाईल काकींना परत दिला. माझ्याकडे एकदा बघितलं. मग "थँक यू काकी" म्हणून, डबा नीट ओट्यावर ठेवून, आत निघून गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं. त्या रात्री मेधाने माझा मोबाईल स्वतःच्या उशीखाली ठेवला.

त्यानंतर मी फारच सावध झालो. टीव्हीवर कोणी नाचायला लागलं की मी रिमोट शोधण्याच्या निमित्ताने टीव्हीसमोर उभा राहायचो. जेवताना "डाव्या बाजूची चटणी दे" म्हणायची सोय राहिली नाही. एका सकाळी शाळेची बस चुकली म्हणून मी जुईला रिक्षाने सोडायला निघालो. नाक्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "डावीकडे घेऊ की उजवीकडे?"

जुईने माझ्याकडे बघितलं.

"सरळ घ्या," मी म्हणालो.

शाळा उजवीकडे होती. आम्ही बऱ्याच लांबून फिरून पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती आणि जुईच्या शाळेच्या कॅलेंडरमध्ये उशिराचा शेरा पडला. (या प्रकरणातलं हे दुसरं कॅलेंडर, ज्याने माझ्याविरुद्ध साक्ष दिली.)

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका संध्याकाळी जुईने घुंगरू तिच्या लहानपणीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळले आणि मेधाला म्हणाली, "आई, हे शर्वरीला देऊन टाक. मला नाही जायचं क्लासला."

"का गं?" मेधाने विचारलं.

"असंच."

पोर जात्याच नाचरी होती. दात घासताना तिचे पाय चालायचे, लिफ्टची वाट बघताना चालायचे. आता ती लिफ्टसमोर साधी उभी राहायची. घर इतकं शांत झालं, की म्हात्रे काकींचासुद्धा फोन येईना. मला ते सहन होत नव्हतं. मी मारे चारचौघांत हात हलवून तिला रस्ता दाखवला, आणि आता तिच्यासमोर नुसतं बसून दोन वाक्यं बोलायची माझी छाती होत नव्हती. ते फ्रॉकचं गाठोडं मेधाने कपाटात ठेवलं. शर्वरीला दिलं नाही. आम्ही दोघंही त्या कपाटाजवळून जाताना उगाच हळू चालायचो.

रविवारी माझी मोठी बहीण आली. ती कल्याणजवळ मोहन्याला राहते. आमच्या घरात तिच्या जिभेला सगळे दचकून असतात. 'सगळ्यांना सूचना दिल्या आणि ताईला सांगायचं राहिलं' हे माझ्या आणि मेधाच्या एकाच वेळी लक्षात आलं, तेव्हा ताई चपला काढत होती.

"काय गं जुये," ताई दारातूनच म्हणाली, "सगळ्या उजवीकडं आन् तू डावीकडं म्हणे?"

माझ्या कपातला चहा बशीत आला. मेधाने डोळे मिटले. जुई हॉलच्या मधोमध उभी.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"आमच्या शेजारणीची नात आहे ना कल्याणच्या बॅचला. तिनं व्हिडिओ दाखवला. मी मग परत परत लावून बघितला."

"हसलीस?"

"हसले की. तू त्या पडद्यात गेलीस ना, तेव्हा तर लय हसले." ताईने पिशवीतून लाडवांचा डबा काढला. "मग तू परत आलीस. तेव्हा म्हटलं, बघा, पोरगी परत आली. मी असते तर पडद्यातून जी सुटले असते ती थेट मोहन्याला घरी येऊन थांबले असते."

जुईच्या तोंडावर काहीतरी हाललं. आधी हसू वाटलं, मग ते रडू निघालं. ताईने तिला ओढून मांडीवर घेतलं, नऊ वर्षांच्या लांबलचक पायांसकट.

"आत्या, तूच पहिली बोललीस," जुई हुंदक्यांमधून म्हणाली. "आई बोलत नाही, बाबा बोलत नाही. वॉचमन काका पण मला बघून मोबाईलमध्ये बघतात. मला वाटलं एवढं वाईट झालं, की कोणाला बोलता पण येत नाहीये."

मेधा खाली फरशीवर तिच्या पायांशी जाऊन बसली. पोरीची पावलं तिने दोन्ही हातांत धरली. आता माझी पाळी होती. पळायला विंगही नव्हती.

"जुई," मी म्हणालो, "तुझी काही चूक नव्हती बेटा. तो व्हिडिओ आरशासारखा होता. मी तुला सगळं उलटं शिकवलं. तू कॅलेंडर दाखवलंस तरी मी ऐकलं नाही."

"मला माहितीये, बाबा."

"कधी कळलं?"

"स्टेजवरच. शर्वरीला धडकले ना, तेव्हा."

"तेव्हा कळलेलं?" मला काही सुधरेना. "अगं, मग तू मुलींबरोबर का नाही गेलीस? सगळ्या उजवीकडे चाललेल्या."

तिने नाक पुसलं आणि इतका सोपा प्रश्न बाबा का विचारतो, अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तू उभा होतास ना. सगळे तुला खाली बस म्हणत होते, तरी तू उभा राहिलास आणि मला हात दाखवत होतास. मग मी दुसरीकडे कशी जाणार?"

ताई लाडवांच्या डब्याचं झाकण लावत होती, काढत होती. भर सभागृहात हसं होत असताना, बरोबर काय ते कळलेलं असताना, माझी मुलगी माझ्या बाजूने नाचली होती. आणि मी त्या मान हलवण्याला 'तिचा आत्मविश्वास परत आला' असं समजून टाळ्या वाजवत होतो.

"मग आता क्लासला का जायचं नाही?" मेधाने हळूच विचारलं. "मुली हसतील म्हणून?"

"नाही गं. शर्वरी रोज बोलवते." जुई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमाला परत व्हिडिओ येणार. परत बाबा सोफा सरकवणार. मग मी त्याला नाही कसं म्हणू? त्याला किती आवडतं."

"आत्ता म्हण," ताई म्हणाली. "समोर बसलाय. म्हणून टाक एकदाचं."

जुईने डोळे घट्ट मिटले. "बाबा, तू मला कथक शिकवू नकोस."

रिजेक्ट झालेला माल इतका खूश झालेला मी कारखान्यात आजवर बघितला नाही. मीच उठलो, कपाटातलं गाठोडं काढून आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. फ्रॉकमधून घुंगरू वाजले. तो आवाज ऐकून मेधाच रडायला लागली, आणि मग तिची समजूत काढण्यात जुईचं रडणं थांबलं.

"आता मला तो नाच सरळ करून दाखव," ताईने फर्मावलं. "त्या व्हिडिओत तुझी पाठच जास्त दिसते."

जुईने टीचरचा व्हिडिओ लावला. बघितला. जसा दिसतो तसा, डोकं न लावता. पहिल्यांदा अडखळली, पाय सवयीने डावीकडे गेला, तिने तो परत आणला. मग हळूहळू सगळा नाच उजवीकडे वळला. शेवटच्या ठेक्यावर ती आमच्याकडे तोंड करून थांबली. तेव्हा कुठे मला कळलं, की त्या दिवशी पाठमोऱ्या पोझमध्ये तिचा चेहरा कसा असायला हवा होता.

"बाबा, तू पण ये," ती म्हणाली. "आता मी तुला शिकवते."

मी सोफा सरकवला. (सवय.) तिच्या शेजारी उभा राहिलो. मनाने मी पूर्ण तयार होतो. तबला वाजला आणि मी मनाने उजवीकडे गेलो. माझे पाय मात्र इतके दिवस माझ्याच हाताखाली तयार झाले होते. ते डावीकडे गेले. तिथे सोफा होता, तो मीच आत्ता सरकवलेला. मी सोफ्याच्या हातावरून उलटून पलीकडे पालथा पडलो.

लगेच म्हात्रे काकींचा फोन. मेधाने उचलला. "हो काकी, तोच. नाही, मोडलं नसावं. हो, सूप आहे अजून फ्रीजमध्ये."

मी तसाच पडून होतो. गुडघा ठणकत होता, आणि त्याहून जास्त लागलं होतं ते हे, की मी पडताना तिथे सगळ्यांनी बघितलं होतं. ताईने पदर तोंडात कोंबला होता. कोणी काहीच बोलत नव्हतं. कोणीच काही बोललं नाही की कसं वाटतं, ते मला तेव्हा समजलं.

घुंगरांचा आवाज जवळ आला. जुई माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि फरशीकडे बोट दाखवून अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाबा, मुंगी मेली. बघ."

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण काय सांगू, औषध खरंच लागू पडतं. मी गुडघा विसरलो आणि मान वळवून मुंगी शोधायला लागलो.

"तिकडे नाही, बाबा," जुई म्हणाली. "उजवीकडे."